दुपारीच येणारा वास

कमोडच्या बुडाशी नाक नेऊन मी उकिडवी बसले होते आणि मागं दारात काकू उभ्या. वासाची कंप्लेंट एकटीनं बघायची माझी ही पहिलीच वेळ. मी ज्यांच्याकडं प्लंबिंगचं काम करते ते आमचे भाऊ नाशिक रोडला दुसऱ्या साईटवर अडकले होते. म्हणाले, जा तू, जमंल. मी नववी नापास, तीन महिन्यांचा कोर्स केलेली, सात महिन्यांचं लेकरू सासूकडं टाकून आलेली. नाय कशी म्हणणार.

काकूंचं घर जुन्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, महिन्याची मुलगी. रविवारी बारसं. जावयाकडची सगळी येणार आणि बाथरूमला हा असा वास. काकू आवाज बारीक करून म्हणाल्या, "पाइप फुटलेला नाही ना, तेवढंच बघ. बाकी आम्हाला माहीत आहे." आणि डोळ्यांनी हॉलकडं दाखवलं.

हॉलमधे त्यांचे सासरे बसले होते, नाना. ऐंशीच्या पुढचे. पायाशी भरलेली बॅग. त्यांना लघवीचा त्रास, घाई झाली की बाहेर सांडतं, असं काकूंचं म्हणणं. म्हणून त्यांना उद्या पिंपळगावला धाकट्या मुलाकडं पाठवायचं ठरलेलं. म्हणजे पणतीच्या बारशाला नाना नाय.

हे ऐकून मला जास्तच भ्या वाटलं. पाइप फुटलेला नाय असं मी म्हणले की नाना चालले. आणि पाइप तर फुटलेला नव्हताच. कमोड हलवून बघितला, पक्का. बेसिनखाली हात फिरवला, कोरडं. दोन बादल्या पाणी ओतलं, कुठं गळत नाय. झालं की मग, असं काकूंच्या तोंडावर दिसत होतं.

पण नाक वेगळंच सांगत होतं. माझं लेकरू दिवसाला दहा लंगोट ओले करतं. मुताचा वास मला पाठ हाय. हा तो नव्हता. हा गटाराचा, नासक्या अंड्यासारखा, आणि लय बारीक. मला वाटलं, सांगावं. पण भाऊ असते तर त्यांचं ऐकलं असतं, माझ्यासारखीचं कोण ऐकतंय. पुरावा पायजे.

पाना आणायला म्हणून हॉलमधे गेले तर नानांनी हात करून जवळ बोलावलं. समोर पाण्याचा तांब्या, झाकण तसंच. हळूच म्हणाले, "पोरी, कालपासून मी पाणी कमीच केलंय. उगाच जायला नको तिकडं. खरं सांग, माझ्यामुळंच येतो का गं वास?"

मी म्हणले, नाना, अजून बघतीये मी, तुम्ही आधी पाणी प्या. ते नुसते हसले. प्यायले नाय.

भाऊंनी एक शिकवलेलं, वासाच्या कामात नाकाआधी तोंड वापरायचं, विचारायचं. मी काकूंना विचारलं, वास कधी येतो. म्हणाल्या, दुपारी, नाना जेवून बाथरूमला जाऊन आले की. सकाळी? सकाळी नाही. सकाळी काय असतं? तर बाळाची आंघोळ. मालिशवाली येते, मग धुरी. तेव्हा ती तिथंच होती, आतल्या खोलीत शेगडीवर ओवा टाकून बाळाला शेकत होती. त्या धुरीनं अख्खं घर घमघमत होतं. माझ्या डोक्यात तेव्हा पेटलं. वास सकाळीपण असणार. धुरीखाली दबतो. धुरी विरली की वर येतो, आणि तेव्हाच नाना आत जातात.

मी एक उदबत्ती मागून घेतली. फॅन बंद केला, दार लावलं. कमोडच्या कडेनं उदबत्ती फिरवली, धूर सरळ वर. बेसिनखाली, सरळ वर. नहाणीच्या जाळीजवळ नेली आणि धूर वाकडा झाला, खालनं कुणी फुंकर मारल्यासारखा.

जाळी उचलली. जुन्या नहाणीत जाळीखाली एक उलटी वाटी बसवलेली असते, घंटेसारखी. तिची कड पाण्यात बुडालेली राहते. पाणी खालनं निघून जातं, गटाराची हवा वर येत नाय. ती वाटीच नव्हती. नुसतं उघडं भोक, थेट गटारात.

मी इकडंतिकडं बघितलं. खिडकीत बाळाचा साबण ठेवलेला, आणि साबणाखाली तीच वाटी, पालथी, स्वच्छ घासलेली.

दार उघडून मी ती घेऊन बाहेर आले. ही कुणी काढली, मी विचारलं. काकू आणि त्यांची लेक एकमेकींकडं बघायला लागल्या. मालिशवाल्या मावशी बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "मी काढली. मसुराचं पीठ, तेल, सगळं त्यात अडकायचं आणि पाणी तुंबायचं. लेकरू काय गार पाण्यात ठेवू? पहिल्या दिवशीच काढली."

"आणि सांगितलं नाही?" काकू म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं का? म्हाताऱ्यावर ढकलून मोकळ्या झालात."

मी नहाणीतला पिठाचा गाळ काढला, वाटी बसवली, पाणी भरलं. मावशींना सांगितलं, आंघोळ झाली की ती काढून धुवायची आणि परत ठेवायची. त्या म्हणाल्या, बरं बाई इंजिनेर.

मी लगेच गेले नाय. छाती दुधानं दाटून आलेली, लेकराची वेळ झालेली, तरी थांबले. धुरी विरायची वाट बघितली. दोन वाजता काकू स्वतः आत गेल्या, दार लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्या आणि माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरात गेल्या. तिथनं आवाज दिला, "नाना, चहा टाकतेय. आणि रविवारी बाळाला मांडीवर तुम्हीच घ्यायचं, पांढरा सदरा इस्त्रीला देते."

नाना आधी तांब्याभर पाणी प्यायले. मग उठून, भिंत धरत, बाथरूमला गेले. कुणी मागं बघितलं नाय.

वासाच्या कंप्लेंटला आता मी एकटीच जाते. घरात कुणाचं वय किती ते विचारत नाय. आधी जाळी उचलते.