बाबा आणि मागच्या गॅलरीतले पारवे

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रजा काढून रत्नागिरीला आले होते. मांडवीच्या आमच्या फ्लॅटला मागे एक अरुंद गॅलरी आहे. तिथल्या रिकाम्या कुंडीत पारव्यांनी घरटं केलं होतं. घरटं कसलं, खराट्याचे हीर आणि तारेचा एक तुकडा. त्यावर दोन पांढरी अंडी.

आईला पारव्यांचा मनस्वी तिटकारा. वाळत घातलेल्या कपड्यांची ते घाण करायचे. ती कुंडी उचलायलाच निघाली होती.

"अंडी आहेत गो. राहू दे," बाबा म्हणाले. गॅलरीच्या दारात वारा लागतो म्हणून ते तिथेच खुर्ची टाकून बसत. आईने कुंडी ठेवली, पण चार दिवस ती धुसफुसत होती.

बाबांचा सगळा जन्म बोटीवर गेला. घरी येत ते पाहुण्यासारखे, सुट्टीपुरते. आता गुडघ्याने त्यांना एका जागी बसवलं होतं आणि समोर ते घरटं होतं. मादी रात्रभर अंड्यांवर बसते, आमची न्याहारी आटपते तेव्हा नर येतो, ती उठते आणि तो संध्याकाळपर्यंत हलत नाही, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. "ड्यूटी बदलली," असं ते खुर्चीतून ओरडून सांगत. आई स्वयंपाकघरातून नुसता हुंकार देई.

मग पिल्लं बाहेर आली. डोळे मिटलेले, अंगावर पिवळट केस, डोक्याच्या मानाने चोच मोठी.

"किती कुरूप," मी म्हटलं.

आई हात पुसत बघायला आली. "तू अशीच होतीस. नुसतं नाक."

"खरंच?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुम्ही आलात तेव्हा ही रांगत होती."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी बाबांनी मान पिल्लांकडे वळवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "रात्री रडायची का?"

आई स्टूल ओढून बसली आणि सांगू लागली. मी दिवस उगवेपर्यंत कशी झोपायची नाही, तापात फणफणले तेव्हा तिने मला पदराखाली घेऊन पावस गावाहून एसटीने इथे दवाखान्यात कसं आणलं, रस्ताभर शेजारी बसलेल्या कोळणीने माझं डोकं कसं सावरून धरलं. यातलं मीही काही ऐकलं नव्हतं.

"कळवलं नाहीस कधी," बाबा म्हणाले.

"एवढ्या लांब कळवून काय करणार होतात? उगाच काळजी."

त्यानंतर दुपारी भाजी निवडायला आई गॅलरीच्या दाराशीच बसू लागली. समोर पारवी पिल्लांच्या चोची आपल्या चोचीत घेऊन भरवायची, आणि आई काहीतरी आठवून सांगायची. बाबा मधेच विचारायचे, "आणि मग?"

एका सकाळी कावळ्याने एक पिल्लू उचललं. बाबांना खुर्चीतून पटकन उठता आलं नाही. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.  कपाटातून एक जुनी साडी काढून आईने कावळा यायचा त्या बाजूच्या गजांना बांधली.

उरलेलं पिल्लू वाढलं, निळसर राखाडी झालं. एक दिवस ते कठड्यावर खूप वेळ उभं राहिलं आणि समोरच्या बिल्डिंगच्या छज्ज्यावर जाऊन बसलं.

"गेलं बघ, बाय," बाबा मला म्हणाले. आनंदाने की कसं, ते मला ओळखता आलं नाही.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी रत्नागिरीला गेले की दुपारी आईजवळ बसते आणि माझ्या लहानपणचं विचारते. ती सांगते, पण मधेच अडखळते. तो ताप दाढांचा होता की गोवराचा, तिला आता आठवत नाही.

"तेव्हा त्यांना जे सांगितलं होतं ना, तेच बरोबर होतं," ती म्हणते, आणि शेंगा सोलायला लागते.