भूमिदेवाची दाढी

वान-छीचं पोट स्क्रूंवर चालतं. लुकांग गावाजवळच्या कारखान्यात पट्ट्यावरून स्क्रू धावतात, कॅमेरे फोटो काढतात आणि कुठल्या स्क्रूचे आटे बिघडलेत ते तिचा प्रोग्रॅम सांगतो. एवढ्यावरून गल्लीने तिला कॉम्प्युटरवाली ठरवून टाकलं. शेजारणी बंद पडलेला राइस कुकरसुद्धा तिच्याकडेच आणतात.

देवळाचं कामही असंच तिच्या गळ्यात पडलं. कोपऱ्यावरच्या भूमिदेवाची लाकडी मूर्ती वाळवीने आतून पोखरली होती. ती कोरली होती वान-छीच्या वडिलांनी, अपांनी. पण अर्धांगवायूने अपांचा उजवा हात गेला होता, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचा देव गल्लीला नको होता. शेवटी ठरलं, की लेझरने मूर्ती मोजून घ्यायची आणि मशीनने तशीच हुबेहूब कोरायची. अपा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"तुझा बाप हूं म्हणेपर्यंत मी लाकडाला हात लावू देणार नाही," देवळाचे कारभारी छ्यू काका म्हणाले. वान-छीला त्या एका हूंचाच घोर लागला होता.

लेझरवाल्याने लाखो बिंदूंची फाइल दिली. ती तिने आपल्या ओळखीच्या, स्क्रू तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली, तर पडद्यावर काहीच दिसेना. मोठं करत करत गेल्यावर एक कण सापडला. फाइल मीटरमध्ये होती आणि सॉफ्टवेअर मिलिमीटर धरून चाललं होतं. देव खसखशीएवढा झाला होता.

शेजारी पपईचं दूध पीत बसलेले छ्यू काका म्हणाले, "अगं, देवाला इतकं लहान करू नकोस. गल्लीला कोण विचारील मग?"

आकडे हजारपट केल्यावर मूर्ती आली, पण धुक्यात बुडालेली. मोजणीपुरत्या उदबत्त्या विझवा, असं देवासमोर म्हणणार कोण? लेझरने धूरही इमानेइतबारे मोजला होता. वान-छीने कारखान्यातलीच युक्ती लावली: ज्या बिंदूला जवळपास शेजारी नाहीत, तो कचरा समजून काढून टाकायचा. धूर गेला. मूर्ती नव्या स्क्रूसारखी लख्ख दिसायला लागली, आणि वान-छी स्वतःवरच खूष झाली.

रविवारी सकाळी तिने अपांना पडद्यासमोर बसवलं.

"कपाळ बरोबर आलंय," ते म्हणाले. मग डावा हात उचलून त्यांनी देवाच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "तुझी आई कुठे गेली?"

म्हातारा भरकटला, असं वान-छीला वाटलं. "अपा, आईला जाऊन आता..."

"ती गेली ते मला माहीत आहे. दाढी कुठाय देवाची?"

दाढी खऱ्या केसांची आहे हे तिला ठाऊक होतं. कुणाच्या केसांची, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"औषधाने केस गळायच्या आधीच तिने कापून दिले," अपा म्हणाले. "म्हणाली, पांढरे झालेत, म्हाताऱ्या देवाला शोभतील. तू तेव्हा लांब शिंचूला होतीस नोकरीला."

वान-छीला स्वतःची लाज वाटली. धुराबरोबर ते केसही कचऱ्यात गेले होते. तिने ती गाळणी काढून टाकली. धूर परत आला, आणि धुरात हनुवटीखाली विरळ ठिपक्यांच्या ओळीही परत आल्या.

"हे मशीनला कोरता नाही येणार हो, अपा," ती म्हणाली.

"केस कोरतात होय कुणी? ओवतात. हनुवटीला भोकं तेवढी ठेवायला सांग. जुन्याचे काढून नव्याला मी लावीन."

"एका हाताने?"

"तू मूर्ती धर."