बारसं राहिलेली बहीण

आमचं गाव लोहाऱ्याकडचं. भूकंपात ते पडलं आणि थोडं पलीकडं माळावर नवं वसलं. नव्या गावात घरं ओळीनं आणि जमिनीच्या मानानं मिळाली, त्यामुळं जुन्या गल्लीतली माणसं कुठल्या कुठं पांगली. जुन्या जागेवर आता नुसत्या वेड्या बाभळी आहेत.

मी इथल्याच शाळेत मास्तर आहे. एकदा चौथीच्या वर्गात विचारलं, तुमच्या पणजोबांचं नाव काय? एकानंच हात वर केला आणि आमदाराचं नाव सांगितलं. मला हसू आलं, मग राग आला. त्याच आठवड्यात मी वही आणली. कोणत्या गल्लीत कुणाचं घर होतं आणि त्या घराची वंशावळ काय, जितक्या पिढ्या सांगता येतील तितक्या लिहायच्या, असं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. पारावरचे लोक चिडवायचे, "मास्तर, मेलेल्यांची हजेरी घ्यायलाव व्हय?"

एका म्हातारीनं अख्ख्या गल्लीच्या वंशावळी घडाघडा सांगितल्या आणि स्वतःच्या नवऱ्याशी येऊन थांबली. "त्येंचं नाव कसं घिऊ? तुमाला ठावं असंल की. तुमीच लिवा." मला ठाऊक नव्हतं. शेवटी सून आतून ओरडली तेव्हा ती ओळ पुरी झाली. म्हातारी पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होती.

खरं सांगायचं तर हे काम कुणालाच नको आहे. तरणी पोरं पुण्याला गेली आणि सांगणारी माणसं दरवर्षी एकदोन कमी होतात. मी गेलो की या वह्या रद्दीत जाणार, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. तरी लिहीत राहिलो, कारण मला स्वतःला एक नाव हवं होतं. ते आमच्याच घराच्या पानावरचं होतं, आणि तेच पान मी शेवटी ठेवलं.

भूकंप झाला तेव्हा आमच्या घरात चौघं होती. वडील, आई, धाकटा भाऊ आणि दहा दिवसांची बहीण. चौघंही माळवदाच्या मातीखाली गेली. मी शिकायला नळदुर्गला आत्याकडं होतो, म्हणून राहिलो. बहिणीचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात सांगायचं आणि मग सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं, हा आमच्याकडं आत्याचा मान. आत्यानं नाव ठरवून ठेवलं होतं. कुंची शिवता शिवता ती आपल्याशीच हसायची. मी मागं लागलो तर म्हणाली, "बारशाआदी नाव फोडू न्हाय. आन् तुज्या तोंडात तीळ भिजत न्हाय, तुला तर मुळीच न्हाय सांगायची."

पुढं मयतांच्या यादीसाठी चुलत्यानं आमच्या घरची नावं सांगितली. तीन सांगितली. चौथीला नावच नव्हतं तर काय सांगू, असं तो म्हणाला. तुळजापूरला आमच्या पुजाऱ्यांच्या वहीत घराण्याच्या सात पिढ्या आहेत, तीही मी पाहून आलो. बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा, जशी काही आमच्या घरात बाई कधी जन्मलीच नाही. पुजाऱ्यांना दोष देत नाही. आमच्याच लोकांनी तेवढं सांगितलं, तेवढं त्यांनी लिहिलं.

म्हणजे ते नाव या जगात फक्त आत्याला ठाऊक होतं. आणि मी तिच्याच घरात वाढलो, तिच्या हातच्या भाकरी खाऊन डी.एड. झालो. रोज विचारता आलं असतं. तिला दुःख होईल म्हणून विचारत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं होतं. नाव कळलं असतं तर मला तिच्यासाठी रडावं लागलं असतं, आणि मी आधीच तिघांसाठी रडून दमलो होतो. शिवाय आत्या घरचीच, तिला काय, कधीही विचारता येईल.

मग आत्या विसरायला लागली. आधी गॅस चालू राहायचा. नंतर ती स्वतःच्या घरात उभी राहून घर कुठं आहे म्हणून विचारायची. मला ती दादा म्हणायला लागली, म्हणजे माझे वडील, तिचा भाऊ. आत्याची सून, माझी वहिनी, हे सगळं मला फोनवर सांगत होती. आणि मी इकडं दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या खापरपणजोबांची नावं लिहीत होतो. माझ्यासारखा गाढव मीच.

शेवटी एका रविवारी दुपारी नळदुर्गला गेलो. आत्या ओसरीत बसून हायवेवरचे ट्रक बघत होती. मी जवळ बसून विचारलं, "आत्या, आमच्या बाळीचं नाव काय ठरवलंय?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "बारसं कवा हाय?"

"झालं की ते," आता तरी नाव सांगेल म्हणून मी बोलून गेलो.

"झालं? माज्याबिगर? मंग नाव कुणी ठिवलं?" ती उठायलाच लागली. मी घाईघाईनं म्हणालो, झालं नाही, परवा आहे. ती शांत होऊन खाली बसली. "मंग परवाच सांगीन. आदी नाव फोडू न्हाय, दादा."

त्यानंतर मी दर रविवारी गेलो. दर वेळी तेच. सगळं विसरलेल्या त्या बाईला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या, परवा बारसं आहे आणि तोवर नाव सांगायचं नाही. नाव तिच्यापाशी अजून होतं. ते मिळवायचा एकच रस्ता मला दिसला. मी वहिनीला म्हणालो, आपण बारसं घालू.

वहिनी म्हणाली, "नका भावजी. त्येंला आता कसलंच दुक न्हाय. राहू द्या तसंच." मी ऐकलं नाही. नावासाठी मी वेडा झालो होतो.

शेजारून पाळणा मागून आणून बांधला. मऊ लुगड्याची घडी करून तिला टोपडं घातलं आणि पाळण्यात ठेवली. घुगऱ्या शिजवल्या, चार बायका बोलावल्या. वहिनीनं आत्याला इरकल नेसवलं. मी फोन पाळण्याच्या दांडीला टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं. बायका पाळणा म्हणायला लागल्या आणि आत्या नव्या नवरीसारखी लाजत पुढं आली.

ती वाकली. कानात सांगायच्या आधी तिनं बाळाच्या मानेखाली हात घातला. आयुष्यभर लेकरं उचललेली बाई, मान सावरल्याशिवाय ती जवळ घेणारच नव्हती. हे मला सुचायला हवं होतं. तिचा हात तिथंच थांबला. तिनं टोपडं उचललं, लुगड्याची घडी उलगडली.

"ह्यात लेकरू न्हाय."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. "लेकरू कुठाय रं? तुजी माय कुठाय? दादा कुठाय?"

खोटं बोलता आलं असतं. मला जमलं नाही. मी खाली मान घातली, आणि तिला कळलं. भूकंपाची बातमी घेऊन टेम्पो दारात आला होता त्या दिवशी ती जशी रडली होती, तशीच रडली, तितक्याच मोठ्यानं. बायका तिला धरून बसल्या. वहिनीनं उठून पाळणा सोडला.

दोन दिवसांनी आत्या ते रडणं विसरली. पण त्याबरोबर बारसंही विसरली. अजून मी रविवारी जातो, जवळ बसतो आणि विचारतो, "आत्या, बारसं कवा हाय?"

"कुणाचं?" ती म्हणते.

वहीत मी 'मुलगी, दहा दिवसांची' एवढं लिहिलं आहे. मरून इतकी वर्षं झाली तरी ती निदान एका माणसाच्या मनात जिवंत होती, तिथं तिचं बारसं कायम परवावर आलेलं होतं. तिथूनही मीच तिला घालवली.