ओटीपी कोणालाही सांगू नये

देवकीच्या अर्जाचा ओटीपी सकाळपासून येत नव्हता. पोर्टल म्हणत होते, "पाठवला." देवकी म्हणत होती, "नाही आला, सर." दोघांपैकी चूक कोणाची, हे मला ठरवता येत नव्हते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती.

सालेकसा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी शिष्यवृत्ती विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि मी. दोन विषयांत एम.ए. केले, स्पर्धा परीक्षा देता देता वयोमर्यादा संपवली आणि चाळिशी उलटल्यावर ही पहिली नोकरी मिळाली. अनोळखी माणसाशी बोलण्याचा मला संकोच वाटतो. फोन करायचा असेल, तर बोलायची वाक्ये आधी कागदावर लिहून घेतो.

ओटीपी म्हणजे आधार कार्डाशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक. तो टाकल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बोटाच्या ठशानेही काम होते. पण ठसे घेणारे आमचे मशीन दुरुस्तीला गेले होते, आणि ते कोठे गेले हे आता कोणालाच आठवत नव्हते.

देवकी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितले होते: फी माफ झाली तर कॉलेज, नाहीतर मावशीबरोबर नागपूरला कामाला. ती माझ्या टेबलासमोर बसून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि उलगडत होती.

मी प्राचार्यांकडे गेलो.

"सर, ओटीपी येत नाही."

"सर्व्हर डाउन असेल. पुन्हा करा."

पुन्हा केले. मग बाहेर थांबलेल्या दुसऱ्या मुलीचा अर्ज उघडून पाहिला. तिचाही ओटीपी आला नाही. तिसरीचाही नाही. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो, त्याचे शेवटचे चार आकडे पडद्यावर दिसतात. तिघींचे आकडे एकच होते. मला वाटले, पोर्टलने तिघींना एकच मुलगी समजले आहे. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. आकडे तेच.

शेवटी, जो प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता, तो विचारला. "हा नंबर कोणाचा आहे?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. "मुन्शीकाकाचा असन," देवकी म्हणाली.

मुन्शी म्हणजे तेंदूपत्त्याच्या फळीवर, बिडीच्या पानांची खरेदी होते तेथे, गावकऱ्यांनी तोडून आणलेले पुडके मोजून घेणारा माणूस. या मुलींच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, आधारचे शिबिर झाले, तेव्हा फोन फक्त मुन्शींकडे होता. शिबिरवाल्याने मोबाइल नंबर मागितला आणि सगळ्या टोल्याने रांगेत उभे राहून मुन्शींचाच नंबर दिला. दुसरा कोणता देणार?

मी देवकीकडून पूर्ण नंबर घेतला, कागदावर वाक्ये लिहिली आणि फोन लावला.

"नमस्कार. मी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातून बोलत आहे. आपल्या मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक आला असेल. तो कृपया सांगावा."

"अच्छा! सकाऊनपासून तूच पाठवून राहिला काय?" पलीकडचा आवाज चढला. "मी सारे डिलीट करून राहिलो. काऊन सांगू तुले? फ्रॉड आहेस तू."

"नाही, मी खरोखर…"

"एवढी शुद्ध मराठी इकडं कोणी बोलते का, बापा? कॉलेजचे सर आले होते आमच्या टोल्यावर. ते सांगून गेले, गोड बोलणाऱ्याले ओटीपी देऊ नका म्हणून."

ते सर मीच होतो. फसवणुकीपासून सावध राहण्यावर मी तेथे व्याख्यान दिले होते. ते इतके नीट ऐकले गेले असेल, असे त्या वेळी वाटले नव्हते.

"तो मीच," मी म्हणालो.

"हेही फ्रॉडवालाच म्हणन."

मी फोन देवकीच्या हातात दिला.

"काका, मी देवकी बोलून राहिली. द्या ना नंबर."

"आवाज तर देवकीचाच आहे. पण सर म्हणत होते, आता कंप्युटर कोणाचाही आवाज काढते. तुह्या आजीचं नाव काय?"

तिने सांगितले.

"हे तर साऱ्या टोल्याले मालूम आहे. फोन ठेव."

देवकी रडकुंडीला आली. मुन्शींचा फोन साधा होता, त्यावर चेहरा दिसण्याची सोय नव्हती. टोल्यावर जाऊन परत येईपर्यंत पोर्टल बंद झाले असते. मी फोन परत घेतला. या वेळी कागदावर काहीच लिहिलेले नव्हते.

"मुन्शीजी, तुम्हीच काही विचारा. त्या दिवशीचे."

"बरं. त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर सरांनी आमच्या घरी काय खाल्लं?"

मी गोंधळलो. काहीतरी रांधलेले होते खास. वास आठवत होता. नाव सांगावे तर चुकण्याची भीती, आणि खरे सांगावे तर ते उत्तरच वाटणार नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "मला संकोच वाटला. मी न जेवताच निघालो."

पलीकडे हसण्याचा मोठा आवाज आला. "अरे, सरच आहे हा! आमच्या बाईनं तव्यावर तांदळाच्या पिठाचे आयते केले होते, आन् हा माणूस गाडीले किक मारून पळाला. अजून नाव काढते ती. पाठवा, सर, पाठवा तुमचा नंबर."

ओटीपी पाठवला. त्यांनी एकेक आकडा, हिशेब वाचून दाखवावा तसा मोठ्याने सांगितला. देवकीचा अर्ज गेला. मग उरलेल्या दोघींचेही गेले. संध्याकाळी पोर्टल बंद झाले.

देवकीची फी माफ झाली. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. मंजुरीपूर्वी तिचा अर्ज पोर्टलवर कित्येक आठवडे 'प्रलंबित' का दिसत होता, ते मला अजूनही समजलेले नाही. प्राचार्यांच्या मते सर्व्हर.

त्या टोल्यावर आम्ही मोबाइल नंबर बदलण्याचे शिबिर घेतले. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे मी व्याख्यानात आजही सांगतो, कारण ते खरे आहे. तो मुळात कोणाकडे जातो, हे मात्र आता आधी विचारतो. आणि जेवून निघतो.