नातीबरोबर विद्यापीठात

आयर्लंडमध्ये कॉर्कला लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा नात अजून शाळेतच होती; पण दर शनिवारी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला जायची. तिथे मिळालेले क्रेडिट पुढे पदवीला धरणार होते. एका शनिवारी लेकीला कामावर जावं लागलं, म्हणून नातीसोबत बसने मी गेलो. वर्गाबाहेर बाकावर बसलो होतो, तर प्राध्यापक बाई म्हणाल्या, "इथे गारठाल, आत या." नातीने कपाळाला हात लावला.

बाईंनी एक काळा दगड सगळ्यांच्या हातून फिरवला. माझ्यापाशी आला आणि मी एकदम ओरडलोच, "अहो, आमचा अख्खा सातारा याच्यावर उभा आहे!" पोरं हसली. बाईंनी मात्र खुर्ची ओढून घेतली आणि त्या आमच्या डोंगरांबद्दल विचारायला लागल्या. इंग्रजीत अडलो की मी मराठीत बोलायचो आणि नात ते वर्गाला समजावून सांगायची. हळूहळू तिलाही रंग चढला.

परतताना, एरवी मला इंग्रजीतच उत्तरं देणारी ती पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, पुढच्या शनिवारी पण याल?"

"येईन की," मी म्हटलं, "पण परीक्षा देणार नाही!"