दाजींची खाज

माझे दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. फर्निचरला पॉलिश मारण्यात सगळा जन्म गेला त्यांचा. नाकासमोर चालणारा माणूस. कामावरून आले की साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, मगच चहाच्या कपाला हात लावतात. बोलणं मात्र इतकं कमी की समोर बसलेल्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं.

म्हणूनच ताईचा फोन आला तेव्हा माझा आधी विश्वासच बसेना. म्हणाली, "वर्ष झालं, हे बाहेरच्या खोलीत झोपतात. विचारलं तर म्हणतात, आत उकडतं. थंडीतसुद्धा उकडतं यांना." मग तिने हळूच विचारलं, "दुसरी कोणी असेल का रे?"

माझं डोकं आधीच लवकर तापतं. माझा टेंपो त्यांच्या कारखान्याच्या दारात आडवा लावला आणि तणतणत आत शिरलो. दाजी एका कपाटाच्या दारावर पॉलिशचा बोळा फिरवत होते. मी म्हटलं, "दाजी, पाणी कुठे मुरतंय ते आज सांगायचं. माझी बहीण रडतेय तिकडे."

त्यांनी बोळा डब्यावर ठेवला आणि मला मागच्या लाकडांच्या चळतीआड नेलं. मग म्हणाले, "खाज आहे. अवघड जागी. लिंगावर, खाली पिशवीवर. आग होते, कातडी सोलते. काही केल्या जात नाही."

मी भांडायला गेलो होतो. भांडण जागच्या जागी थंड झालं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी औषधाच्या दुकानातून मलम आणलं. चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट झालं. दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब, तेच. एका डॉक्टरने साखर तपासली, ती ठीक. दुसऱ्याने न बघताच सांगितलं, उष्णता आहे. तिसऱ्याने डोळे बारीक करून विचारलं, "बाहेर कुठे जाता का?" रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या, पण तो प्रश्न काही दाजींच्या मनातून गेला नाही. आपण कुठे गेलो नाही, तरी आपल्याला काहीतरी घाणेरडं झालंय, एवढंच डोक्यात बसलं. रोज अंघोळीत जंतुनाशक ओतून घासायचे.

"तुझ्या ताईला झालं तर?" ते म्हणाले. "म्हणून लांब झोपतो."

"अहो, मग तिला सांगायचं ना!"

"काय सांगू?"

मी त्यांना टेंपोत बसवलं आणि थेट कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. आत बघतो तर बाई. दाजी उठून चालायला लागले. मी शर्ट धरला. म्हटलं, "बसा गुपचूप. तुम्हाला लग्नाला मुलगी दाखवायला नाही आणलेलं."

बाई बऱ्या होत्या. पडद्यामागे नीट तपासलं, उगाच तोंड वाकडं केलं नाही. मग कधीपासून, काय काय लावलं, हे विचारून झाल्यावर म्हणाल्या, "काम काय करता?"

दाजींनी सांगितलं. वर्षापूर्वी मालकांनी नवं पॉलिश आणलं होतं, दोन डबे एकत्र कालवून लावायचं. चकाकी छान येते.

"लघवीला जाऊन आलात की हात धुता?"

"म्हणजे काय! साबणाने."

"आणि जायच्या आधी?"

दाजी माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. आधी कोण धुतं हो?

बाईंनी समजावलं की हातावरचं पॉलिश तिथे लागतं; तळहात राठ असतात, त्यांना लगेच कळत नाही. तिथली कातडी पातळ, ती चिडते. वर ट्यूबा आणि जंतुनाशक, म्हणजे जखमेवर मीठच. पण अंदाजावर भागणार नाही म्हणाल्या, आणि त्या पॉलिशमधल्या घटकांच्या पट्ट्या दाजींच्या पाठीवर चिकटवल्या. काही दिवसांनी परत दाखवायला गेलो, तर एका पट्टीखाली कातडी लालबुंद होऊन फुगली होती. कामाला हातमोजे, आधी हात धुणं, एक साधं मलम, बाकी सगळं बंद. बरं व्हायला वेळ लागेल, म्हणाल्या. आणि दाजींनी खाली मान घालून विचारलं तेव्हा हेही सांगितलं, "हे बायकोला लागत नाही. कधीच लागणार नव्हतं."

दवाखान्याच्या जिन्यावरच दाजी म्हणाले, "तूच सांग तिला."

"छे. मी येतो, पण तोंड तुमचं."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अडखळत, पण काही लपवलं नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे पॉलिश?"

"पॉलिश," दाजी म्हणाले.

तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. मला वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात हसता हसता ती रडायला लागली.

"तुला काही होऊ नये म्हणून मी..." दाजी म्हणाले.

"तुम्ही इतक्या डॉक्टरांना दाखवलंत," ताई म्हणाली. "मी कुणाला दाखवणार होते? रोज आरशात बघायचे, माझ्यात काय वाईट झालंय म्हणून."

दाजींचा चेहरा पडला. इतका वेळ त्यांना वाटत होतं की झळ फक्त त्यांनीच सोसली. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि म्हणाले, "तुझ्यात काही नाही गं. काहीच नव्हतं."

"परत सांगा," ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. मी जिना उतरलो तरी सांगतच होते.