काकीची साबणाची डबी

लहान मूल दिसलं की सारं जग त्याचा गालगुच्चा घेतं. आमच्या शेजारची काकी तेवढी त्याचे श्वास मोजते. रत्नागिरी जिल्ह्यात, आणि माझ्या मते त्याबाहेरही, असा दुसरा माणूस सापडणार नाही. काकी आमच्या वाडीतल्या अंगणवाडीची सेविका. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रशिक्षणात तिला शिकवलं, की पोराला ताप-खोकला असेल तर झबलं वर करावं, पोट मिनिटाला किती वेळा वरखाली होतं ते मोजावं, आणि आकडा फार वाढला किंवा बरगड्यांखाली खळगा पडायला लागला तर सरळ दवाखाना गाठावा. बाकीच्या सेविका ते शिकून घरी गेल्या. काकीच्या अंगात ते शिरलं ते शिरलंच. गेलेल्या काकांचं सेकंदकाट्याचं घड्याळ तिच्या हातात असतं. ते इतकं सैल आहे की काम करताना कोपरापर्यंत चढवून ठेवावं लागतं आणि मूल दिसलं की आपोआप मनगटावर उतरतं. एकदा हातखंब्याला एसटीत तिच्या शेजारी एक परकी बाई खोकणारं बाळ घेऊन बसली. काकीने विचारलंसुद्धा नाही, झबलं वर केलं आणि घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. कंडक्टर तिकिटाला आला, तर त्याला तळहात दाखवून म्हणाली, "थांब रे, मोजतंय." तो बिचारा पूर्ण मिनिटभर थांबला. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ती पहिल्या रांगेत बसून करवलीच्या कडेवरच्या पोराचे श्वास मोजत होती. अक्षता पडल्या तशी चिडून म्हणाली, "झाला! चुकला माजा आकडा." आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

श्वासाखालोखाल तिचा जीव साबणावर. पिशवीत रबर लावलेली प्लॅस्टिकची डबी, तिच्यात लाल साबणाची वडी. तान्ह्या मुलाला हात लावायचा तर आधी ही डबी. बारशाला आलेल्या बायका, पूजा सांगायला आलेले भटजी, कोणीही सुटत नाही. बाळाच्या तोंडाचा मुका घेणं हा तर तिच्या लेखी गुन्हाच. "तोंडान रोग जातो. मुका घेवचा तर तळपायाचा घ्या," असा तिचा कायदा आहे. मुंबईहून आलेले माझे मामा, चांगले धिप्पाड गृहस्थ, त्यांना तिने भर बारशात गुडघ्यावर बसवून बाळाच्या तळपायाचा मुका घ्यायला लावला होता. बाळाने लाथ मारली आणि मामांचा चष्मा थेट पाळण्याखाली गेला. अंगणवाडीतही प्रत्येक पोराचा हात पुसायचा रुमाल वेगळा. अक्षरओळख नसलेल्या पोरांना आपला रुमाल कळावा म्हणून प्रत्येकावर तिने दोऱ्याने एकेक मासा भरलेला. त्यामुळे आमच्या वाडीतल्या माणसांना नाव एक आणि मासा एक. मी कोळंबी होतो. माझी चार वर्षांची मुलगी सई बांगडा आहे. आमचे आत्ताचे सरपंच त्या काळी बोंबील होते, आणि ग्रामसभेत काकी बोलायला उठली की ते खुर्चीत जरा आखडून बसतात, कारण ती कधी काय म्हणेल याचा भरवसा नाही.

भीड म्हणून ती कुणाची धरत नाही. सकाळी अंगणवाडीच्या पायरीवर बसून एकेक पोर तपासते आणि नाक वाहत असेल, डोळे आले असतील, कपाळ गरम असेल तर "आज घरी" एवढेच दोन शब्द. आंबा काढणीच्या दिवसांत आयांना कामावर जायचं असतं, त्या भांडतात, रडतात, शिव्या देतात. काकी ऐकून घेते आणि पोर काही आत घेत नाही. दुपारी मात्र त्या पोराच्या वाटणीची खिचडी डब्यात घालून स्वतः घरी नेऊन देते आणि निघताना श्वास मोजते. सरपंचांच्या मुलीला तिने पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या आधी परत पाठवलं होतं. तिच्या या सगळ्याची वाडीत सगळ्यात जास्त टिंगल जर कोणी केली असेल तर ती मी. मी जिल्ह्याच्या कचेरीत कारकून आहे. चार कागदांवर सह्या घेतो म्हणून मला जरा जास्तच कळतं असं मला वाटायचं. काकी दिसली की मी मुद्दाम छाती फुगवून उभा राहायचो आणि म्हणायचो, "मोज गो काकी, चाळीस वर्षांचा तान्हा हाय." ती हसायची आणि खरंच मोजायची.

मागच्या शिमग्याची गोष्ट मी आजवर एका माणसाखेरीज कोणाला सांगितलेली नाही. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि आमच्या वाडीत पहिला मान काकीच्या अंगणाचा. त्या वर्षी तिच्या अंगणात पालखी नाचवायला पहिला खांदा माझा लागणार होता. काकीची सून सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन मुंबईहून आली होती. नातवाचा पहिला शिमगा. इकडे सईला दोन दिवस ताप, घसा धरलेला, डोळे लाल. बायको म्हणाली, "राहू दे तिला घरी." पण बापाने पालखी नाचवलेली मुलीने पाहिली नाही तर नाचवायची कशाला, अशी माझी हौस. सकाळी तापाचं औषध पाजलं, तासाभराने कपाळ गार लागलं, नवा परकर नेसवला आणि तिला कडेवर घेऊन निघालो. ढोल अजून खालच्या वाडीत वाजत होते. काकी आपल्या पायरीवर बादली आणि डबी घेऊन बसलेली, आलेल्या प्रत्येकाचे हात धुऊन घेत होती. ओटीवर मुंबईचे पाहुणे बसले होते. काकीने सईचे हात धुतले, हनुवटी वर केली आणि विचारलं, "हिचं डोळं कशान रे लाल?"

मी म्हटलं, "गुलाल गेलाय गो काकी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि बाजूला सरकली. मी पालखी खांद्यावर घेतली, सगळे बघतच राहिले असा नाचलो. दमून ओटीवर टेकलो तेव्हा सई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या गालाचे, तोंडाचे मटामट मुके घेत होती. काकी अंगणात पालखीच्या पूजेत गुंतलेली, ओटीवरचे सगळे कौतुकाने हसत होते. मीही हसलो.

सई दोन दिवसांत बरी होऊन उड्या मारायला लागली. आठवड्याने बाळाला ताप भरला. मग खोकला, मग ते दूध ओढेना. काकीने झबलं वर केलं, घड्याळ धरलं, आणि मिनिट पुरं व्हायच्या आतच उठून सुनेला म्हणाली, "रिक्षा बोलव." रत्नागिरीच्या दवाखान्यात बाळाला प्राणवायू लावला. तपासणीत अ‍ॅडिनोव्हायरस निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या मुलांना याने ताप येतो, घसा दुखतो, डोळे येतात आणि बहुतेक बरी होतात. एवढ्या लहान बाळाच्या फुफ्फुसात उतरला तर मात्र कठीण. यावर खास औषध नाही, श्वासाला आधार द्यायचा आणि वाट बघायची. मग त्यांनी विचारलं, "घरात, शेजारी कोणाला ताप होता का? डोळे आले होते?" मी तिथेच उभा होतो, हातात काकीसाठी आणलेला भाताचा डबा. काकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "शिमगा होता बाय. कोणाचा नाव घेवचा?" मी डबा बाकावर ठेवला आणि कचेरीचं काम सांगून निघून आलो. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि तरी बोलायची हिंमत झाली नाही, याची लाज त्याहून जास्त. नऊ दिवस काकी अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभी राहून श्वास मोजत होती. आत यंत्र तेच आकडे दाखवत होतं, पण तिचा यंत्रावर विश्वास नव्हता. मी रोज डबा पोचवत होतो आणि रोज न सांगता परत येत होतो.

बाळ वाचलं. घरी आलं तेव्हा मांडीवर घेतलं की नुसती हाडं लागत होती, पण दूध ओढत होतं. काकी पुन्हा अंगणवाडीच्या पायरीवर बसायला लागली. माझं मात्र तिच्या समोरून जाणं बंद झालं; एसटीला मी मागच्या पाणंदीने जायचो. दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी ती मागच्या पडवीत रुमाल वाळत घालताना एकटी दिसली आणि मी कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून आत गेलो. म्हटलं, "काकी, त्या दिवशी गुलाल नव्हता."

तिने हातातला रुमाल झटकला. "माला ठाव हाय," म्हणाली. "पालखी खालच्या वाडीत होती. गुलालाची पुडी माज्या तबकात, दोरासुद्धा सोडला नव्हता. कुठचा गुलाल?"

"मग आत का सोडलंस?"

तिने रुमाल दोरीवर टाकला. मग म्हणाली, "ओटीवर पावणे बसलेले. चार माणसांत तुला खोटा कसा पाडू रे? तुजा खांदा लागायचा होता. सरपंचाची भीड नाय धरली कधी, तुजी धरली. पोर रडत होता तिकडं काचेत, मी म्हणत होते, चूक माजी." आणि डोळ्यांना पदर लावायच्या आधी सवयीने हात धुऊन आली.

मला वाटलं होतं ती रागावेल, आणि मग माझं ओझं उतरेल. ते काही उतरलं नाही. माझी लाज राखायला तिने नातवाचा जीव पणाला लावला, आणि वर चूक स्वतःच्या नावावर घेतली. आता मी छाती फुगवून तिच्यासमोर उभा राहत नाही.

यंदाच्या शिमग्याला सईला साधं सर्दीपडसं होतं. तिला घेऊन मी गडग्याबाहेर उभा राहिलो. माझा खांदा दुसऱ्याला दिला. आत ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आमच्यापर्यंत एक कणही येत नव्हता. पायरीवर काकीचा नातू आईचं बोट धरून उभा होता, गुबगुबीत, आणि ढोलाच्या तालावर गुडघे वाकवत होता. पालखी पुढे गेल्यावर काकी डबी घेऊन गडग्याशी आली. तिने सईचा फ्रॉक वर केला, घड्याळ धरलं, पूर्ण एक मिनिट मोजलं आणि "ठीक हाय बांगडा" म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुजं डोळं कशान रे लाल?"

"गुलाल नाही, काकी," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि गडग्यावरून साबणाची डबी माझ्यापुढे धरली.